मलम घेणारे आणि पावडर घेणारे

नागपूरच्या धंतोलीत, मोठ्या दवाखान्यांच्या वस्तीत, दुसऱ्याच्या औषधांच्या दुकानात नोकरीला होतो, तेव्हा पोट साफ करायच्या पावडरचं खोकं रोज फोडावं लागे. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं तपासायच्या, आदल्या संध्याकाळी ती दोनेक लिटर पाण्यात कालवून प्यायची आणि रात्रभर संडासात जागायचं. घेणारे वैतागून घ्यायचे, पण घ्यायचे. आता मानेवाडा रोडला स्वतःचं दुकान आहे. इथं ती पावडर तारीख संपेपर्यंत कपाटात पडून राहते. मूळव्याधीचं मलम मात्र सतत मागवावं लागतं.

मलम घेणारा माणूस लगेच ओळखू येतो. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत तो बाजूला उभा राहून मोबाइल बघतो. मग हळूच, "भाऊ, थे मुयव्याधीचं मलम द्या ना." किती दिवसांपासून आहे विचारलं, की दोष सावजीच्या तिखट जेवणावर. बायका तर स्वतः येतच नाहीत, पोराच्या हाती रिकामी ट्यूब पाठवतात. पोराला काय विचारणार?

नंदनवनकडचा एक ऑटोवाला असाच यायचा. वय पंचेचाळिशीचं. आधी मलम, मग इसबगोल, मग शक्तीचं टॉनिक. कुठल्याशा दवाखान्यात हिमोग्लोबिन सात निघालं, तर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतका, की रक्त कमी म्हटल्यावर कोणी दचकत नाही. पण धडधाकट पुरुषाच्या अंगातलं लोह संपत असेल तर रक्त कुठून तरी जातंय, आणि बरेचदा ते आतड्यातून जातं. त्याच्या बाबतीत ते डोळ्यांनी दिसतही होतं. शेवटी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, दुर्बीण घातली, तेव्हा गुदाशयात कॅन्सरची गाठ होती आणि यकृतावरही डाग होते.

हे भाचीला फोनवर रागातच सांगितलं. ती अमेरिकेत डेलावेअर राज्यात असते. म्हणाली, "मामा, मला तर पंचेचाळीस लागल्याबरोबर डॉक्टरनंच विचारलं, कोलोनोस्कोपी करता की घरी शौचाचा नमुना घेऊन देता?" काही त्रास नसताना! तिकडे ही तपासणी आधी पन्नाशीला सुरू व्हायची, २०२१ मध्ये सरकारी तज्ज्ञ मंडळानं वय ४५ वर आणलं. कारण सरळ आहे. आतड्यात आतून वाढलेला साधा कोंब (पॉलिप) कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं घेतो. तेवढ्यात दिसला तर दुर्बिणीतूनच कापून टाकता येतो.

पण तिकडेही सगळ्यांना सारखं विचारत नाहीत. कृष्णवर्णीय माणसांना आतड्याचा हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त होतो आणि त्यानं मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. अलास्कातल्या मूळ रहिवाशांमध्ये तर तो जगात सर्वाधिक. मला हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. होण्यातला फरक वीस आणि मरण्यातला चाळीस, म्हणजे आजार झाल्यानंतरही काहीतरी बिघडतंय. उशिरा निदान, विमा नाही, उपचार अर्धवट. पैसा हेच सगळं उत्तर आहे असंही नाही म्हणा. चॅडविक बोसमन हॉलिवूडचा मोठा नट. २०१६ मध्ये निदान झालं तेव्हाच तिसरी अवस्था होती, २०२० मध्ये ४३ व्या वर्षी गेला. तपासणीचं वय यायच्या आधीच.

भाचीच्या राज्यानं काय केलं ते मात्र वाचण्यासारखं आहे. २००२ च्या सुमारास त्यांनी विमा नसलेल्यांची कोलोनोस्कोपी फुकट केली, कॅन्सर निघाला तर उपचारांचाही खर्च उचलला, आणि लोकांना हाताला धरून तपासणीपर्यंत नेणाऱ्या नर्स नेमल्या. कृष्णवर्णीयांमधलं तपासणीचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून २००९ पर्यंत ७४ वर गेलं, गोऱ्यांच्या बरोबरीला. त्यांच्यातले पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण ७९ टक्क्यांवरून ४० वर आले. मृत्यूंमधला फरक जवळजवळ मिटला. सात-आठ वर्षांत कोणाचं रक्त बदलत नाही, कोणाचं खाणंही फारसं बदलत नाही; म्हणजे फरक पडला तो तपासणी आणि उपचारांनी. मला त्यातल्या नर्स सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. फुकट तपासणीचा बोर्ड लावून बसलं असतं तर इतकं झालं नसतं.

आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी, हे खरं. म्हणून सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच तपासणी आहे, आणि त्यात मला चूक दिसत नाही. तंबाखू खाणाऱ्या मुलखात आधी तोंडच तपासायला हवं. सगळ्यांना दुर्बीण घाला असं कोण म्हणतंय? पण संडासातून रक्त जाणाऱ्या माणसाला कोणी तपासत नाही, ही वेगळी गोष्ट झाली. कॅन्सर नोंदणीचे अहवाल शहर-जिल्ह्यानुसार येतात. त्यात नागपूर दिसतं. नंदनवनचा ऑटोवाला आणि सुखवस्तू रामदासपेठेतला निवृत्त इंजिनिअर वेगवेगळे दिसत नाहीत. माझ्या दुकानाच्या वहीत दिसतात.

भिंतीभिंतींवर 'बिना ऑपरेशन मूळव्याध, भगंदर' रंगवलेलं असतं. त्यातल्या किती ठिकाणी उपचाराआधी बोट घालून तपासतात? गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटालाच लागतात, त्याला ना मशीन लागतं ना पावडर.

आता दुसऱ्यांदा मलम मागायला आलेल्याला मी विचारतो. रक्त जातं का, वजन उतरलं का, पोटाची सवय बदलली का, घरात कोणाला होतं का. एक-दोन जण चिडून पुढच्या दुकानात गेले. परवा एकानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दुर्बिणीले किती लागन?" खासगीत हजारो, मेडिकलमध्ये फार कमी, असं सांगितलं. राज्य सरकारच्या फुले आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन बसतं, पण निदानापर्यंतचा खर्च बहुतेक आपल्याच खिशातून. त्यानं बोटांवर हिशेब केला. नंबर लावायला एक रोजी, पावडर पिऊन एक, तपासणीची एक, रिपोर्टची एक.

"चार रोज्या," तो म्हणाला. "सध्या मलमच द्या, भाऊ. सोमवारी बघतो."