वनप्लस 6 वर पोस्टमार्केटओएस: कॉल, पैसे आणि मराठी कीबोर्ड

वनप्लस 6 वर अँड्रॉइडऐवजी पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स प्रणाली टाकली आहे. तिच्यावर फॉश (स्क्रीनवरचा इंटरफेस) नीट बसल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता सिम याच फोनमध्ये आहे आणि रोजचा फोन हाच. 2018 चं हे मॉडेल निवडायचं कारण बहुतेकांना ठाऊक आहे: त्यातल्या स्नॅपड्रॅगन 845 चिपचं मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ, कर्नलमधलं काम बरंच पुढे गेलंय आणि सेकंडहँड बाजारात फोन सहज मिळतो. स्क्रीन, टच, वायफाय, ब्लूटूथ यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चालतात. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. फोटोंसाठी मी वेगळा कॅमेरा वापरतो.

कॉलचं मात्र सविस्तर सांगायला हवं. माझ्या फोनवर व्होल्टी, म्हणजे 4जी वरून कॉल, चालत नाही. क्वालकॉमच्या मॉडेमला आयएमएसची (4जी कॉल ज्यावरून जातात त्या यंत्रणेची) जोडणी करून देणारा भाग अँड्रॉइडच्या बाजूला असतो, आणि तोच आपल्याकडे नाही. त्यामुळे कॉल आला की फोन 2जी वर उतरतो. जिओकडे 2जी आणि 3जी दोन्ही नाहीत, म्हणजे ते सिम इथे फक्त डेटापुरतं. एअरटेलने 3जी बंद केलं तरी 2जी ठेवलंय, त्यावर कॉल व्यवस्थित लागतात. बोलणं चालू असेपर्यंत नेट थांबतं, तेवढं चालवून घ्यावं लागतं. पाइनफोन हा लिनक्सचाच फोन वापरणाऱ्यांचं बरं आहे, त्यांच्या क्वेक्टेल मॉडेममध्ये स्वतःचं वेगळं लिनक्स चालतं आणि व्होल्टीचं काम तिथल्या तिथे उरकतं.

पैशांचं. वेड्रॉइडमध्ये (लिनक्सवर अँड्रॉइड चालवायची सोय) यूपीआयची अ‍ॅप्स चालवायच्या नादी लागू नका. त्यांना त्याच फोनमधल्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर पडताळायचा असतो आणि वेड्रॉइडला सिम दिसतच नाही. मी *99# ही नेटशिवाय चालणारी यूपीआय सेवा वापरतो. कॉल्स अ‍ॅपमधून हा नंबर लावला की मेनू उघडतो, मोबाइल नंबर आणि रक्कम टाकायची, शेवटी पिन. एका वेळी 5,000 रुपयांची मर्यादा आहे, क्यूआर स्कॅन होत नाही आणि उत्तर द्यायला उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून. किराणा दुकानदार नंबर आनंदाने सांगतो. रिक्षात मात्र रोखच बरी.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. घरच्या ग्रुपवर मराठीत लिहिता येत नसेल तर तो फोन माझा रोजचा होऊच शकत नाही, म्हणून स्क्वीकबोर्ड या स्क्रीनवरच्या कीबोर्डसाठी मराठी लेआउट बनवलाय. हा लेआउट म्हणजे एक यामल, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल. प्रत्येक ओळीत जागा सोडून अक्षरं लिहायची आणि फाइल होम फोल्डरमधल्या स्क्वीकबोर्डच्या फोल्डरात ठेवायची, कंपाइल वगैरे काही नाही. देवनागरीचा नोटो फॉन्ट अल्पाइनच्या (ज्यावर पोस्टमार्केटओएस उभं आहे ते लिनक्स) भांडारात आहेच.

पाया इन्स्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीचा, ठेवला: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. वरच्या ओळीत अकरा कळा येतात, त्या या स्क्रीनवर अंगठ्याला अरुंद वाटत नाहीत. इन्स्क्रिप्टमध्ये खालच्या ओळीत ऱ्हस्व ए ची मात्रा असते, मराठीला ती लागत नाही. तिच्या जागी ळ आणला. शाळा, सकाळ, वेळ लिहायला दर वेळी शिफ्ट दाबणं मला पटत नव्हतं. ऱ मात्र शिफ्ट धरून र च्याच कळीवर राहू दिला. त्याच्यापुढे हलन्त आणि य दिला की दऱ्या, हलन्त आणि ह दिला की कुऱ्हाड, दोन्ही अगदी बरोबर उमटतात. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा झालेला आनंद इथल्या लोकांना समजेल.

नुसती मात्रा कळीवर ठेवली की तिच्याभोवती ठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि कळ गिचमिड दिसते. यामलमध्ये कळीचं लेबल आणि तिने पाठवायचा मजकूर वेगवेगळे देता येतात. मी लेबलात का, कि, की अशी बाराखडीतली अक्षरं ठेवली आणि मजकुरात फक्त मात्रा. क्ष, ज्ञ, श्र, त्र यांच्यासाठी याच पद्धतीने एकेक कळ दिली आहे.

ॲ आणि ऑ अजून अंकांच्या पानावर पडलेत. रोजच्या लिहिण्यात बँक, ऑफिस, डॉक्टर सतत येतात, त्यांना पहिल्या पानावर आणायचंय. त्यासाठी कुठली कळ हलवावी हे ठरत नाहीये. इन्स्क्रिप्टवर हात बसलेले कोणी असाल तर सुचवा. ते ठरलं की फाइल स्क्वीकबोर्डच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवतो.