पाच वॅट पुरे झाले

आजचा अख्खा शनिवार गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या एका अ‍ॅम्पपुढे मांडी घालून गेला.

दोन महिने डोक्यात पंधरा वॅटचा होता. मागच्या आठवड्यात दुकानात तसला वाजवून पाहिला. व्हॉल्यूम दोनच्या पुढे नेला तर दुकानदारच कानांवर हात ठेवून उभा! आणि व्हॉल्व्हची, म्हणजे त्या जुन्या काचेच्या नळ्यांची, मजा तर आवाज वाढवून त्यांना ताणल्यावरच. आमच्या फ्लॅटमध्ये तो जन्मभर पेंगत राहिला असता.

आज मित्राकडे १९५० च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’च्या सर्किटवर (५एफ१) हाताने बांधलेला, पाच वॅटचा अ‍ॅम्प वाजवायला मिळाला. व्हॉल्व्ह तीन: एक १२एएक्स७, एक ६व्ही६, आणि एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३; वर आठ इंची स्पीकर. नॉब एकच, टोनबिन काही नाही. तार हलकी छेडली की स्वच्छ, जोरात हाणली की कडेने खरखरतो, गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की पुन्हा शहाणा. खर्ज मात्र पिचका, कबूल.

पाच वॅट म्हणजे गुपचूप असं समजू नका हं. पंधराशी फरक जेमतेम ५ डेसिबलचा. खालच्या काकू बेल वाजवून गेल्याच.

तापल्यावर जाळीमागून तो धुळीचा ऊबदार वास आला. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला अगदी असाच यायचा.

घेतोय. फक्त तो अमेरिकेतून आलेला, १२० व्होल्टवर चालणारा; आपल्या २३० मध्ये तसाच खुपसला तर धूर. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर करून देणारा चांगला वाइंडिंगवाला कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा. १०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) पुरे.