वेळ कुठून आणता?

माझ्या सुतारकामाबद्दल पुरुष विचारतात, "यंत्रं कुठून घेतलीत?" बायका विचारतात, "वेळ कुठून आणता?" पहिल्याचं उत्तर कुठलाही हार्डवेअरवाला देईल. दुसरा प्रश्न मला इथे गोव्यात, फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कारखान्याच्या बसमध्ये, सगळीकडे गाठतो. त्याच्या मागोमाग ठरलेला पुढचा: "आणि एवढ्याशा पडवीत तो पसारा मावतो कसा?" नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, घरी सासूबाई, मुलगी दहावीला, आणि तरी पाट, चौरंग, शेल्फ, गणपतीवर टांगायची माटोळीची चौकट असं काही ना काही चालूच, म्हणजे ही बाई रात्री झोपत नसावी, असा अनेकांचा समज आहे. झोपते. व्यवस्थित झोपते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकते.

माझा हात काही फार चालत नाही. आमच्या गावचे म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, पाटाच्या दोन्ही कडांना रंधा मारून विडी पेटवतात, तोवर माझी एक कड होते. सरावानं यात थोडा फरक पडतो, फार नाही. आणि खरा वेळ तिथे जातच नाही. तो जातो पेन्सिल शोधण्यात, काटकोन आखायचा गुण्या कशाखाली सरकला ते बघण्यात, करवतीचं पातं बदलण्यात, खाचा पाडायच्या बोथट पटाशीशी झटापट करण्यात. हौशी माणसाला मुळात तुकड्यातुकड्यांनी वेळ मिळतो. संध्याकाळचा अर्धा तास, रविवारची सकाळ. त्यातला निम्मा शोधाशोधीत गेला की महिन्याभरात उत्साह मावळतो आणि टेबल सॉ या करवतीच्या यंत्रावर सुकत घातलेली आमसुलं दिसू लागतात.

कारखान्यात माझं काम उत्पादनाच्या नियोजनाचं. तिथे शिकलेली एकच गोष्ट मी घरी आणली. शिगेओ शिंगो नावाचे जपानी अभियंते होते. १९६९ साली टोयोटात साच्यानं पत्रा दाबणाऱ्या एका हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणलं आणि पुढे तीन मिनिटांवर. त्यासाठी त्यांनी माणसांना पळायला लावलं नाही. साचा बदलताना करायच्या कामांचे दोन ढीग केले: प्रेस थांबल्यावरच करता येतात ती, आणि प्रेस चालू असतानाच उरकून ठेवता येतात ती. दुसरा ढीग आधी संपवायचा, पहिल्या ढिगातलं जेवढं दुसऱ्यात सरकवता येईल तेवढं सरकवायचं.

माझा प्रेस म्हणजे रविवारची सकाळ. टेबल सॉ, ड्रिल, सँडर यांचा आवाज शेजाऱ्यांनी सहन करायचा तो तेवढाच वेळ, आणि लाइटही शहाण्यासारखी टिकली तर. म्हणून त्या वेळात मी मापं घेत नाही, विचार करत नाही, स्क्रू शोधत नाही. हे सगळं आठवड्यातल्या संध्याकाळच्या अर्ध्या तासांत होतं, बिनआवाजाचं. कापायच्या तुकड्यांची यादी, फळ्यांवर खुणा, पटाश्यांना धार, बॅटऱ्या चार्जिंगला. रविवारी फक्त कापायचं. त्यातही एका मापाचे सगळे तुकडे एकदम. शेवटाला ठोकळा लावला की फळी त्याला टेकवायची आणि कापायची, दर वेळी टेप काढायची नाही. चार पाट करायचे असतील तर आठही पाय आधी, मग सगळ्या फळ्या. एक पाट पुरा करून दुसऱ्याला हात घालणं दिसायला छान, पण त्यात यंत्राची मांडणी चार वेळा करावी लागते.

मापांचं म्हणाल तर मेस्तांचा धडा. फूट, इंच, सूत यांत बोलणारी पिढी ती, आठ सुतांचा इंच. मी चिटोऱ्यावर आकडे लिहून घेते हे बघून ते म्हणाले होते, "बाये, माप मनांत दवरूं नाका, काठयेर मार." म्हणजे एक सरळ रीप घ्यायची आणि वस्तूच्या प्रत्यक्ष जागेला लावून तिच्यावरच खुणा करायच्या: इथे फळी, इथे खाच, इथे बिजागरी. आकडाच नाही, तर चुकीचा वाचण्याचा प्रश्न येत नाही. शेल्फ करायचं त्या भिंतीशी रीप घेऊन एकदा जायचं, नंतर ती पडवीत. आमच्या पडवीच्या आढ्याला अशा काठ्यांची जुडी आहे, प्रत्येकीवर वस्तूचं नाव लिहिलेलं. दोन वर्षांनी कुणाला तसंच शेल्फ हवं असलं की काठी काढायची आणि सुरुवात.

या पद्धतीचा खरा फायदा माटोळीच्या चौकटीत कळतो. गोव्याबाहेरच्यांसाठी: चतुर्थीला गणपतीच्या वर छताला एक लाकडी जाळीदार चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी म्हणजे घोस, चिबूड, आंबाडे, रानातली फळंपानं बांधतात. वजन चांगलंच होतं, त्यामुळे नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. आणि चतुर्थी संपल्यावर ती माळ्यावर जायची असते, म्हणजे सुटी झाली पाहिजे. चार फूट बाय चार फुटांची चौकट, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड अशा दहा रिपा, पाच उभ्या, पाच आडव्या. जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोघींना अर्धी अर्धी खाच. पंचवीस छेद, म्हणजे पन्नास खाचा. एकेक मोजून करायला घेतल्या तर पुढच्या चतुर्थीपर्यंत चालतील.

करायचं असं. दहाही रिपा शेजारी शेजारी ठेवायच्या, टोकं एका फळीवर ठोकून एका रेषेत आणायची आणि सगळ्यांचा मिळून क्लॅम्पमध्ये गठ्ठा बांधायचा. आता तो दहा रिपांचा ढीग राहिला नाही, वीस इंच रुंदीची एक फळी झाली. काठीवरच्या पाच खुणा गुण्यानं त्या फळीवर आरपार ओढायच्या. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच खोल करवत, मध्ये आणखी तीन-चार काप, आणि राहिलेले काड्याकाड्यांचे तुकडे पटाशीनं उडवायचे. ते फटाफट उडतात, हे या कामातलं सगळ्यात मजेचं. पाच खाचा पाडल्या की पन्नास झाल्या, आणि सगळ्या एकाच जागी. मग गठ्ठा सोडायचा, पाच रिपा पालथ्या करायच्या आणि उरलेल्या पाचांवर बसवायच्या. उभी वेगळी, आडवी वेगळी असं काही करायचं नसतं. दहाही रिपा सारख्याच. कोपऱ्यांना आणि मध्यभागी नट-बोल्ट, दोर बांधायला जागा, झालं.

एक गोष्ट मात्र आधी ठरवावी लागते आणि ती गोव्याच्या हवेची आहे. लाकूड ओलाव्यानं रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ८५-९० टक्क्यांत तो हळूहळू १८ ते २० पर्यंत चढतो. खाचेची रुंदी रिपेच्या लांबीच्या दिशेनं असते, म्हणून ती आहे तेवढीच राहते. तिच्यात बसणारी रीप मात्र रुंदीत फुगते. एप्रिलमध्ये घट्ट बसवलेली चौकट सोडून ठेवली, तर भाद्रपदात ती पुन्हा बसत नाही, आणि तेव्हा घरात गणपतीची मूर्ती आलेली असते, भटजी निघालेले असतात. खाच एखादा मिलीमीटर ढिली ठेवायची. उन्हाळ्यात ती खुळखुळते, खुळखुळू दे.

इथे पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो माझं वेळापत्रक माझ्यापेक्षा चांगलं ठरवतो. जून ते सप्टेंबर मी ड्रॉवर बनवत नाही, दारं तासत नाही, स्पिरिट पॉलिश तर मुळीच नाही, दमट हवेत ते पांढरं पडतं. फुगलेलं दार पावसात तासलं की दिवाळीनंतर फट पडते. त्या महिन्यांत धार लावणं, दुरुस्त्या, ठोकळे आणि साचे तयार करणं, थोडं कोरीवकाम. फणसाच्या फळ्या मध्ये रिपा घालून रचलेल्या असतात, टोकांना ऑइलपेंट फासलेला, म्हणजे टोकं लवकर सुकून चिरत नाहीत. टोकावरच आणल्याचा महिना आणि साल लिहिलेलं. इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे, तो ढोबळ आहे पण माझ्यासारखीला पुरतो. चतुर्थीच्या वस्तू मे संपायच्या आत तयार होतात. नागपंचमी झाली की फोन सुरू होतात, "एक चौरंग तेवढा करून द्याल का हो?" त्याला उत्तर नाही असं आहे. गोड आवाजात, पण नाहीच. माझा निम्मा वेळ या एका शब्दानं वाचतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता पसाऱ्याचं. पडवी दहा बाय चौदा फूट, भिंती चिऱ्याच्या. चिऱ्यात प्लग धड बसत नाही, दगड भुरभुरतो आणि स्क्रू हातात येतो. म्हणून जिथे पक्की पकड मिळेल तिथे लांब अँकर मारून आधी उभ्या रिपा लावल्या, त्यांच्यावर प्लायचा मोठा पत्रा, आणि सगळी हत्यारं त्या प्लायवर. मागे जी इंचभर पोकळी राहते तिच्यातून हवा खेळते, पावसाळ्यात भिंतीचा ओलावा प्लायला लागत नाही. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा मागे रंगवलेली आहे. कारखान्यात हे असतंच, घरी केलं तेव्हा नवरा हसला. पण दिवे मालवताना एक नजर टाकली की कोणाची जागा रिकामी ते दिसतं, मोजावं लागत नाही.

बाकी सामान कामाच्या डब्यांत. धारेच्या डब्यात दगड, तेल, चिंधी, कोनाचा ठोकळा, कातडी पट्टा. गोंदाच्या डब्यात फेविकॉल, ब्रश, ओलं करायचं फडकं, जुने पेपर, क्लॅम्पखाली घालायचे लाकडी तुकडे. गोंद लावल्यावर फडकं शोधायला जाणं म्हणजे काय ते करून बघितलेल्याला विचारा. धारेचं सगळं एका जागी असलं की धार लावली जाते, नसलं की उद्यावर जाते, आणि बोथट पटाशी दुप्पट वेळ खाऊन शिवाय बोटही कापते. स्क्रू बिस्किटांच्या बरण्यांत, आणि झाकणावर तोच एक स्क्रू चिकटवलेला. शाईनं लिहिलेलं आमच्या हवेत वर्षभरात पुसट होतं.

इंटरनेटवरच्या चकाचक वर्कशॉपचे फोटो मला पाठवू नका. त्यातल्या अर्ध्या जागी काम होत असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे काम चालू असताना भरपूर पसारा असतो, फक्त तो मुक्कामाला राहत नाही. शेवटची पंधरा मिनिटं झाडण्याची, यात टाळाटाळ चालत नाही, आणि हा माझा टापटिपीचा सोस नव्हे. पावसाळ्यात लोखंडावर पडून राहिलेला भुसा ओलावा धरून ठेवतो आणि सकाळी टेबलावर तांबूस डाग दिसतात. ते घासत बसण्यात पाऊण तास जातो. टेबल पुसून त्यावर मेणबत्ती घासायची, रंध्याच्या तळालाही तीच, हत्यारांच्या पेटीत कापराच्या वड्या. भुसा झाडताना आणि पॉलिश पेपर मारताना मास्क हवाच. लाकडाची धूळ कॅन्सरकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, ती नुसती सर्दीवर भागत नाही.

झाडून झालं की वस्तूवरच चिकटपट्टीवर पुढचं काम लिहून लावते: "डाव्या पायाची खाच, मग गोंदाशिवाय कोरडी जोडणी". मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आलेलं डोकं विचार करायला तयार नसतं, चिठ्ठी वाचायला असतं.

उरलेले तुकडे ही सगळ्यांचीच दुखरी जागा. वीतभरापेक्षा लहान असेल ते न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली जातं, सासूबाई वाट बघत असतात. प्लायचे तुकडे मात्र जाळायचे नाहीत, त्यातला गोंद धुरातून नाकात जातो. वीतभरापेक्षा मोठं ते एका पिंपात, आणि पिंप भरलं की नवीन फळी आणायची नाही. हा नियम मी सागाच्या बाबतीत मोडते.

हत्यारं उसनी देता का, हेही विचारतात. देते. ज्याला दिलं त्याच्या नावाची चिठ्ठी हत्याराच्या रिकाम्या बाह्यरेषेत टाचणीनं लावते. सध्या दोन आहेत. त्यातली ड्रिलवरची धाकट्या दिरांच्या नावाची आहे, म्हणून मी दुसरा ड्रिल घेतला.