रोजच्या काउंटरवरून महिन्याच्या सुईवर (माझा अनुभव)

मेलबर्नला वेअरहाऊसमधे होतो, 2016 ला पाठ धरली, तेव्हा इथे कोडीनच्या (अफूच्या जातीचं, दुखणं थांबवणारं औषध, सवय लागते) गोळ्या केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळायच्या. दोनाच्या चार, चाराच्या बारा कधी झाल्या कळलंच नाही. 1 फेब्रुवारी 2018 पासून कोडीनला प्रिस्क्रिप्शन लागायला लागलं आणि मग लक्षात आलं की पाठ कधीचीच बरी झालीये, हे दुखणं वेगळंच आहे. घाम, जुलाब, रात्रभर पाय नुसते झटकत राहायचे.

डॉक्टरने ती सवय सोडवायला सबॉक्सोन दिलं, जिभेखाली ठेवायची फिल्म, 16 मिलिग्रॅम. फरक पडला, खोटं कशाला बोलू, पण रोज केमिस्टसमोर घ्यायची. विरघळेपर्यंत काउंटरच्या कडेला तोंड मिटून उभं राहायचं, मग आ करून जीभ उचलून दाखवायची, वर रोजची फी (ती 2023 च्या जुलैत सरकारी योजनेत आल्यावर गेली). एकदा असाच उभा असताना मंडळातल्या काकू आल्या, "अरे तू इकडे कुठे? बोलत का नाहीस?" मी दाताकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून दुकान बदललं.

नर्सने बुविडालच्या सुईचं सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हटलं. मुख्य औषध तेच, ब्युप्रेनॉर्फिन, पण फिल्म नको वाटली तर उद्या घ्यायची नाही, सुई एकदा आत गेली की गेली, परत काढता येत नाही. मग 2022 ला आई म्हणाली गणपतीला ये, आणि तीन आठवड्यांच्या फिल्म घरी न्यायला काही मिळेनात. झालो तयार.

आधी आठवड्याची 24 मिलिग्रॅमची, मग महिन्याची 96 ची. गंमत म्हणजे महिन्याच्या सुईत द्रव उलट कमी, पाव मिलीच्या जरा वर, पिवळट. पोटावर कातडीखाली देतात आणि झोंबते हो, मिरची चिरलेला हात डोळ्याला लागल्यासारखी, दोनेक मिनिटं. औषध तिथेच जेल होऊन बसतं आणि हळूहळू रक्तात उतरतं, मला वाटाण्याएवढी गाठ आली, बेल्टखाली टोचायची म्हणून पुढची मांडीवर घेतली. पहिल्या महिन्याच्या शेवटी औषध जरा उतरल्यासारखं वाटलं, नर्स म्हणाली तीन-चार सुयांनी बसेल, आणि बसलं. तारखेच्या आठवडाभर मागेपुढे चालतं, त्यामुळे साताऱ्याला आरामात जाऊन आलो, बॅगेत काही नाही, कस्टमला काही दाखवायचं नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले की काय करायचं तेच कळेना. त्या दुसऱ्या दुकानातली फार्मासिस्ट बाई रोज विचारायची, झोप लागली का रे, तेवढंच कुणीतरी विचारायचं. आता महिन्यातून एकदा दहा मिनिटं नर्स, बाकी कुणाला पत्ता नाही. महिनाभर त्या दुकानात उगाच टूथपेस्ट आणायला जायचो, घरात सात ट्यूबा झाल्या, बायको वैतागली.

आता 64 वर यायचं चाललंय. बायको म्हणते घाई काय आहे.