गॅदरिंगची कमान

कपाशीची शेवटची वेचणी आटोपत आली की खानदेशातल्या शाळांना गॅदरिंगचे वेध लागत. लेझीम, नाटुकल्या, बक्षिसं कुठेही सारखीच. पण दारातली कमान ज्या शाळांत मतानं ठरे, तिथली मजा निराळी.

पाचवी ते दहावी, इयत्तेमागे एक चित्र. कागद 15 बाय 11 इंच, त्यावर नाव नाही. केळीचा घड, कानबाई देवी, पोळ्याची बैलजोडी, सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीतले मोरपिसांचे टोप. सहा चित्रांपुढे सहा मडकी आणि प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. मडकं उघडं ठेवलं तर ढीग दिसतो आणि मागची पोरं ढिगाकडेच वळतात. म्हणून तोंडाला फडकं बांधून चीर पाडायची. तरी रिकामं मडकं आवाजावरून कळतंच! त्यावर उपाय म्हणजे तळाशी दोन मुठी रेती. जी इयत्ता मत द्यायला येईल तिचं स्वतःचं मडकं तेवढा वेळ उचलून ठेवायचं, नाहीतर ज्या इयत्तेत पोरं जास्त तीच दरवर्षी जिंकणार. हरलेल्या पाच चित्रांतली एकेक खूण काठाच्या नक्षीत घेत. त्यामुळे रुसवा दुपारपर्यंतच टिके.

कमान 15 फूट रुंद, 11 फूट उंच. कागदावरचा इंच म्हणजे कमानीच्या बांबूच्या तट्ट्यांवरचा फूट, हिशेब पाचवीलाही जमे. निळीत बुडवलेली दोरी ताणून चौकटी मारायच्या. गेरूत किलोमागे साधारण 100 ग्रॅम डिंक, रात्रभर भिजवलेला. कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर थंडीच्या कोरड्या वाऱ्यात पोपडे सुटतात.

खरी फजिती खांबांची. काळी माती वाळली की भेगाळते आणि बांबू डुलू लागतो. दोन फूट खड्डा, तळाशी दगड, वर मुरूम ओला करून ठोकायचा, काढलेली माती परत भरायची नाही. केळीचे खांब कार्यक्रमाच्या सकाळीच तोडायचे आणि कापलेलं तोंड खाली करून निथळू द्यायचे, कारण त्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत. आईची बोलणी वेगळीच. केळ जड असते, बांबूला तीन ठिकाणी बांधली नाही तर कमान पुढे झुकते. मधल्या जाळीला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पुरे.

या मातीला ही रीत नवी नाही. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून उभी केली होती.

दुसऱ्या दिवशी बांबू मंडपवाल्याकडे परत, पऱ्हाटी चुलीला, केळीचे खांब गुरांपुढे. तट्ट्या मात्र चित्रकलेच्या वर्गात राहत, पुढच्या वर्षीची पोरं येऊन नाकं मुरडेपर्यंत.