पान्त्सानोच्या चढावर बॅटरी कुठे गेली

जूनची सकाळ, इटलीतल्या कियांती टेकड्या, ग्रेवे गावचा त्रिकोणी चौक. ई-बाइकवरचा, म्हणजे बॅटरी-मोटरच्या सायकलींचा, आठ जणांचा गट होता, त्यांत पाच मराठी. बेत ४० किलोमीटरचा आणि एकूण चढ सुमारे हजार मीटर. गट नेताना माझं लक्ष किलोमीटरवर कमी आणि चढाच्या मीटरवर जास्त असतं, कारण बॅटरी चढावर संपते.

हिशेब सोपा आहे. स्वार, सायकल आणि पिशवी मिळून १२० किलो वजन १०० मीटर वर न्यायला निव्वळ ३३ वॉट-अवर लागतात. इको, म्हणजे मोटरची सर्वांत कमी मदत, लावली तर त्यातला मोठा वाटा पाय उचलतात. टर्बोत, म्हणजे सर्वांत जास्त मदतीत, बहुतेक भार मोटरवर येतो, शिवाय मोटरमधली गळती वेगळी. खडीचे पांढरे रस्ते आपला वाटा घेतात तो आणखी निराळा. त्यामुळे ५०० वॉट-अवरची बॅटरी टर्बोवर कागदावरच्या हिशेबापेक्षा फार आधी तळ गाठते.

मोंतेफिओराल्लेचा पहिला चढ जेमतेम दीड-दोन किलोमीटरचा, पण उभा. गटातल्या काकांनी तिथेच टर्बो लावला आणि तो पुढे काढलाच नाही. बादिया आ पासिन्यानोच्या मठापाशी बाकी सगळ्यांच्या बॅटरीचे पाचपैकी चार दांडे शिल्लक होते, काकांचे तीन. पुढे पेसा नदीच्या खोऱ्यात उतरून पान्त्सानोकडे चढताना जोरात पेडल मारतच त्यांनी गिअर बदलला आणि कडाक् असा आवाज आला. मध्यमोटरच्या, म्हणजे पेडलपाशी मोटर असलेल्या सायकलीत पायाचा आणि मोटरचा दोन्ही जोर साखळीतूनच जातो. अशा वेळी साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवली की बाहेरच्या कडीची पट्टी उघडते.

"काका, गिअर चढाच्या आधी बदलायचा. आणि बदलताना क्षणभर पाय हलका ठेवा."

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. आधी मोटर बंद, मगच साखळीला हात. साखळीतोड्याने उघडलेल्या कडीच्या पिना ढकलून ती काढली, दोन्ही टोकांना आतल्या कड्या राहिल्या. मधे जोडकडी घातली. ती काढलेल्या कडीचीच जागा घेते, म्हणून साखळीची लांबी तीच राहते. जोडकडी वरच्या बाजूला आणली, मागचा ब्रेक घट्ट दाबला, पेडलवर पाय दिला, टक् असा आवाज आला की बसली. जोडकडी साखळीच्याच स्पीडची, म्हणजे मागच्या तितक्याच दातेरी चक्रांसाठीची हवी. अकरा स्पीडच्या साखळीला दहाची चालत नाही.

पान्त्सानोला पोचलो तेव्हा काकांचा एकच दांडा उरला होता, आणि पुढे लामोलेकडे अजून सुमारे ३०० मीटर चढ बाकी. जेवणाचा थांबा मी मुद्दाम इथे ठेवतो. चार अँपिअरच्या चार्जरने तासाभरात ५०० ची बॅटरी साधारण पाव भरते. पण उन्हात तापलेली बॅटरी चार्ज घेत नाही, म्हणून ती काढून आधी दगडी भिंतीच्या सावलीत ठेवली. वीस मिनिटांनी लावली आणि जेवण मुद्दाम लांबवलं.

इथला पाव बिनमिठाचा असतो. नुसता खाल्ला तर अळणी लागतो, पण बडीशेप घातलेल्या खारट फिनोक्कियोनाबरोबर (डुकराच्या मांसाची सलामी) किंवा जुन्या पेकोरिनोबरोबर (मेंढीच्या दुधाचं चीज) नेमका जमतो. शाकाहारी मंडळींना मी आधीच सांगतो: पेकोरिनो तोस्कानो वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने जमवतात. ज्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी पाप्पा आल पोमोदोरो, म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव, वर ऑलिव्ह तेल आणि बेझिल. रश्शासाठी मांसाचं पाणी वापरलंय का, हे मात्र स्वयंपाकघरात विचारूनच घ्यायचं. वाइनबाबत माझा नियम कडक आहे: सायकल जागेवर लागेपर्यंत घोटभर चवीपुरतीच. रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा इथे सायकलस्वारालाही लागू आहे, आणि पुढे खडीचा उतार असतो.

त्या उतारावर पुढचा ब्रेक आवळला की चाक घसरतं. दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, सोडून-सोडून मारायचे, म्हणजे ब्रेकच्या चकत्याही तापत नाहीत.

लामोलेपर्यंत काका इकोवरच चढले, घामाघूम होऊन. ग्रेवेच्या चौकात उतरले तेव्हा त्यांचा एक दांडा अजून जळत होता.