नानांच्या नावावरच्या कादंबऱ्या

ग्रंथालयात निर्लेखन, म्हणजे खराब पुस्तकं रद्द करायचं काम, निघालं की तोंडाला रुमाल बांधून कपाटांमागे बसायचं. कसर लागलेली, पानं गळलेली पुस्तकं बाजूला काढायची, दाखल नोंदवहीत क्रमांक शोधायचा, यादी करून कार्यकारी मंडळापुढे ठेवायची. कंटाळवाणं काम. पण पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय यादीत टाकायचं नाही हा माझा शिरस्ता, आणि म्हणूनच ही गोष्ट नजरेस पडली.

पन्नासच्या दशकातल्या कादंबऱ्यांचा गठ्ठा होता. बांधणी सुटलेली, कोपरे वाचून वाचून मऊ झालेले. त्यांतल्या बऱ्याच कादंबऱ्यांत थोड्याथोड्या पानांनी गंजाची खूण दिसत होती. पानाच्या दोन्ही अंगांना एकेक तांबूस रेघ आणि कडेला बारीकसा ठिपका. केसांत खोचायचा आकडा पानावर सरकवून ठेवला की अशीच खूण पडते. आणि प्रत्येक खूण तिरकी. एका पुस्तकात तिरकी असती तर सोडून दिलं असतं. इथे प्रत्येक पुस्तकात त्याच बाजूला, तितकीच कललेली.

मग मी त्या काळच्या देवघेवीच्या वह्या काढल्या. (निर्लेखन तिथेच राहिलं, हे सांगायला नकोच.) आकड्याच्या खुणांची जवळजवळ सगळी पुस्तकं एकाच सभासदाच्या नावावर गेलेली. गावातले नामांकित वकील, सगळे त्यांना नाना म्हणत. वर्गणी पहिल्या वर्गाची, म्हणजे एका वेळी दोन पुस्तकं. एक नेहमी जाडजूड ग्रंथ, इतिहास नाहीतर तत्त्वज्ञान. दुसरी कादंबरी. कादंबरी तीन-चार दिवसांत परत, ग्रंथाला मात्र मुदतवाढीवर मुदतवाढ. त्यातला एक ग्रंथ आमच्याकडे अजून आहे. काढून पाहिला, तर पहिल्या दोन फर्म्यांनंतर (फर्मा म्हणजे छापून घडी घातलेला मोठा कागद) पानांच्या घड्या वरून कापलेल्याच नव्हत्या! इतक्या वेळा घरी जाऊन आलेलं पुस्तक, आणि आतली पानं एकमेकांना चिकटलेली ती चिकटलेलीच.

नानांची धाकटी लेक रोज सकाळी आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येते. ऐंशीच्या घरातली आजी, कानांनी जरा कमी. तिच्यापुढे वही ठेवली, तर ती हसायलाच लागली.

"अगं, नाना कुठली कादंबरी वाचतायत! मीच यायचे चिठ्ठी घेऊन. त्यांचा ग्रंथ बैठकीत टेबलावर, पक्षकारांना दिसेल असा. कादंबरी माजघरात."

"मग हे आकडे तुमच्या आईचे?"

"छे! काकूचे. आणि काकूला तर अक्षरओळख नव्हती."

मी पेन खाली ठेवलं.

दुपारची भांडी झाली की माजघरात वाचन चाले. वाचणार आत्या. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, केशवपन झालेलं, तेव्हा तिच्याकडे आकडे कुठून असणार? आई आणि काकू तांदूळ निवडत ऐकायच्या. वाचणारीला निवडणं माफ. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसत, आपापली सुपं घेऊन. भानगड व्हायची ती रात्री. आत्या सगळे झोपले की कंदील बारीक करून पुढचं मनातल्या मनात वाचून टाकायची, आणि दुसऱ्या दिवशी वाचताना तिचा आवाजच सांगायचा की हिला पुढचं ठाऊक आहे. रडायच्या जागेआधीच गळा दाटायचा. म्हणून काकूने थांबलेल्या पानावर आकडा लावायला सुरुवात केली. तिरका, कारण तो कसा लावलाय हे तिला पक्कं लक्षात राहायचं. आत्याने काढून परत लावला की तिरकेपणा चुकायचा, आणि काकू भांडायला उभी.

"मनात वाचणं म्हणजे चोरीच होती आमच्या घरात," आजी म्हणाली.

हे वाक्य मला फार आवडलं. आज ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी लावून आपण नेमकं तेच वाचन शिकवतो. आपल्याकडचं जुनं वाचन गळ्यातलं आणि कानातलं. चातुर्मासात हरिविजय किंवा पांडवप्रताप लावायचा, एकाने ओवी म्हणायची, बाकीच्यांनी ऐकायचं. छापखाने आल्यावरही ही रीत लगेच गेली नाही. 'केसरी' १८८१ साली सुरू झाला. गावोगाव त्याचा एखादा अंक येई आणि वाचता येणारा माणूस तो चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवी. त्या अंकाचे वाचक किती, हे वर्गणीदारांच्या यादीवरून कसं कळणार? १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के भरली, बायकांमध्ये तर शंभरात नऊसुद्धा नाहीत. आमची काकू उरलेल्या एक्क्याण्णवांतली. आणि कादंबरी मध्येच थांबली तर तिला जेवण गोड लागत नसे.

सार्वजनिक ग्रंथालयं आपल्याकडे जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८चं, पुण्याचं १८४८चं, ठाण्याचं १८९३चं. पण नानांच्या घरातल्या बायका कधी आमच्या दारात आल्या नाहीत. चिठ्ठी आली, पोर आलं, आणि वहीत नाव लागलं घरच्या पुरुषाचं. रमाबाई रानडे यांनी १९१० साली छापलेल्या आठवणींत, नवऱ्याने शिकवायला घेतल्यावर घरातल्याच बायकांनी किती छळलं ते लिहिलं आहे. नानांच्या माजघरात निदान सगळ्या एका बाजूला होत्या, आत्याची रात्रपाळी सोडली तर. आजीला मी विचारलं, नानांना हे ठाऊक नव्हतं का? ती म्हणाली, "न कळायला काय झालं? चिठ्ठीवर ग्रंथाचं नाव ते लिहायचे. खाली एक ओळ कोरी सोडायचे."

मंडळाच्या बैठकीत मी त्या कादंबऱ्या यादीतून वगळल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात 'वाचनखुणांसाठी जतन' असं लिहिलं. कार्यवाहांनी चष्मा वर केला. "फाटक्या कादंबऱ्या ठेवायच्या? मग काढायचं काय?" मी तो ग्रंथ पुढे केला. त्यांनी पानांवरून हात फिरवला. "अहो मॅडम, हा तर कोरा करकरीत आहे. हा कसा काढता येईल?"

दोन्ही राहिलं. कादंबऱ्या मी काचेच्या कपाटात हलवल्या आहेत. आजी आता वर्तमानपत्र झालं की त्यातली एखादी मागून घेते. ऐकू कमी येतं म्हणून जरा मोठ्यानेच वाचते, आणि समोरच्या पाटीकडे बोट दाखवायला अजून तरी कुणी उठलेलं नाही.